बुरशीचे वाळवण

लोणावळ्यात बावीस पावसाळे काढलेल्या बाईसमोर बुरशीचे गुणगान करण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आमच्या या गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, आणि तो पडून गेला की मागे जे काही उरते ते सगळे हिरवट, पांढरट आणि लवदार असते. जून लागला की घरोघर कपाटांत जुने पिवळे बल्ब पेटतात. (हल्लीचे एलईडी दिवे नुसता उजेड देतात, ऊब देत नाहीत, म्हणून जुने बल्ब आम्ही सोन्यासारखे जपून ठेवले आहेत.) तरीही नारळी पौर्णिमेपर्यंत चपलांना लव फुटते, पर्सच्या पट्ट्यावर ठिपके उमटतात आणि शेल्फावरच्या सगळ्या ग्रंथांना, मग ते संतवाङ्मय असो की नवकथा, एकच वास येऊ लागतो. माझ्या एम.ए.च्या पदवीच्या चौकटीत तर काचेच्या आतल्या बाजूने एक हिरवे बेट तयार झाले आहे. दरवर्षी ते थोडे वाढते. ज्ञान वाढत नाही, निदान ते तरी वाढो, असे म्हणून मी त्याच्याकडे पाहायचे सोडून दिले आहे.

म्हणूनच, गणपती गेल्यानंतरच्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भिजत दारात उभी राहिली, तिने पिशवीतून चंदेरी कागदाचे एक पाकीट काढले आणि विचारले, "मॅडम, ही बुरशी दिवाळी होईपर्यंत तुमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का?" तेव्हा स्वयंपाकघरातला खलबत्त्याचा आवाज एकदम थांबला.

"बुरशी?" आतून सासूबाईंनी विचारले. "आणि ती ठेवायची? आम्ही जन्मभर काढतच आलो की गं!"

ही मुलगी प्रथम वर्षाला माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसायची. व्याकरणात बरी, निबंधात अगदीच कोरडी. पुढे तिने सूक्ष्मजीवशास्त्र घेतले आणि आता तळेगावच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात ती नोकरी करते. तिथे शेतीला उपकारक अशा बुरशी वाढवतात, वाळवतात आणि त्यांची भुकटी करून विकतात. गाव कामशेतच्या पलीकडे, नाणे मावळात. वडिलांची थोडी भातजमीन. भात अर्थातच इंद्रायणी. 1987 साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून हा वाण बाहेर आला आणि मावळच्या माणसाने त्याला घरच्या लेकरासारखे सांभाळले. भात निघाला की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हरभरा करायचा, ही तिकडची जुनी रीत. त्याला वेगळे पाणी नाही, फारसा खर्च नाही. पण पोराबाळांच्या फीचे, दुकानाच्या उधारीचे पैसे त्यातूनच उभे राहतात.

मागच्या वर्षी तो हरभरा गेला. आधी एक रोप मान टाकते, मग शेजारचे, मग वाफाच्या वाफा. देठ उभा चिरला तर आत काळपट रेघ दिसते. या रोगाला आपल्या भाषेत 'मर' म्हणतात. रोगांना नावे देताना मराठी शेतकरी अलंकारांच्या भानगडीत पडत नाही: करपा, मर, तांबेरा. मर आणते तीही एक बुरशीच. ती मातीत वर्षानुवर्षे दबा धरून बसते आणि मुळातून आत शिरते. तिच्यावर उतारा म्हणून जी दुसरी बुरशी वापरतात तिचे नाव ट्रायकोडर्मा. ही हिरवी बुरशी शत्रूच्या धाग्यांना वेटोळे घालते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांच्या आधी मुळाशेजारची जागा आणि अन्न बळकावते. पेरणीपूर्वी बियाण्याला किलोमागे पाचएक ग्रॅम भुकटी चोळायची, सावलीत सुकवायचे आणि पेरायचे, एवढेच काम.

आणि वडिलांनी हे सगळे केले होते! मुलीच्या सांगण्यावरून केले होते. जवळच्या बाजारातल्या एका दुकानातून (नाव कशाला घ्या?) पाकीट आणले, चोळले, पेरले. हरभरा मेला तो मेलाच. त्या दिवसापासून ते मुलीच्या नोकरीला 'राखुंडीचा कारखाना' म्हणतात. थट्टेने नव्हे. घरात एवढे शिकलेले एकच माणूस, आणि त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवून वर्षाचा हरभरा गेला, हे त्यांच्या मनातून जात नाही. मुलगी बोलत नाही, पण तिच्याही मनातून ते गेलेले नाही. आमच्या फ्रिजपुढे ती पाकीट घेऊन उभी होती ती याच कारणासाठी.

मला कुतूहल वाटले. कुजण्याच्या आणि ओलीच्या या राज्यात बुरशी कोरडी कशी करतात, आणि कोरडी झाल्यावर ती बुरशी तरी कशी राहते? एका शनिवारी मी तिच्याबरोबर तो कारखाना पाहायला गेले.

कारखाना म्हणजे मोठे स्वयंपाकघरच. तांदळाची कणी भिजवून पिशव्यांत भरतात आणि माणूस मावेल एवढ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक करतात. "इंद्रायणीची कणी चालते का?" मी स्थानिक अभिमानाने विचारले. "नाही मॅडम, ती चिकट, तिचा गोळा होतो. दाणा सुटा राहिला पाहिजे, म्हणजे दाण्यादाण्याभोवती बुरशीला हवा मिळते." शिजून थंड झालेल्या कणीत शुद्ध बुरशीचे विरजण लावतात. विरजण हा माझा शब्द, पण तिने तो लगेच उचलला. दोन दिवसांत पांढरी जाळी पसरते, चार-पाच दिवसांत तीवर हिरवा रंग चढतो आणि आठवडा-दहा दिवसांत पिशवी गडद हिरवी होते. तो हिरवा रंग म्हणजे बीजाणू. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. आमच्या पदवीच्या चौकटीत जे चालते तेच इथे, फक्त शिस्तीत चालते.

इथवर सगळे सोपे आहे. इथून पुढे वाळवण सुरू होते, आणि खरे कसब तिथेच आहे.

ओल्या पिशवीतले बीजाणू जिवंत असतात, पण टिकत नाहीत. ओल असली की ते श्वास घेतात, जवळची शिदोरी खातात, मध्येच कोंब काढू पाहतात आणि संपतात. शिवाय त्या ओलीवर परके जंतू येऊन बसतात. म्हणून त्यांना निजवायचे असते. पाणी काढून घेतले की जिवाचा सगळा व्यवहार इतका मंदावतो की जवळजवळ थांबतोच. पण पाणी काढायचे कसे? भट्टीत घातले तर अर्ध्या तासात खडखडीत होईल, आणि मरेल. कडक उन्हात टाकले तर ऊष्णतेने नाही तर उन्हातल्या अतिनील किरणांनी मरेल. तेव्हा पातळ थर करून ताटांत पसरायचे, पंख्याची मंद हवा द्यायची, पारा तीस-पस्तिसाच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची.

आमच्या मावळात यातही विघ्न. ताट पसरावे तर हवाच ओली! श्रावणातल्या हवेत ठेवलेली भुकटी वाळणे राहो, असलेली वाळलेलीसुद्धा पुन्हा ओल पिते. कोरडेपणा ही एकदा मिळवून खिशात घालण्याची वस्तू नाही. जशी हवा तसा बीजाणू. म्हणून ती खोली बंद असते आणि एक यंत्र दिवसरात्र हवेतले पाणी शोषून बादलीत टाकत असते. ती बादली मी पाहिली. लोणावळ्याच्या पाणीपुरवठ्याला हातभार लागेल एवढी भरली होती. शेवटचा उरलासुरला ओलावा काढायला ते निळे खडे वापरतात, पाणी पिऊन गुलाबी होणारे. नव्या पर्समध्ये अशाच खड्यांची लहान पुडी निघते आणि आपण ती फेकून देतो. भुकटी वजन करून तापवायची, पुन्हा वजन करायचे. जेवढे घटले तेवढे पाणी. सरकारी नियमाप्रमाणे ट्रायकोडर्माच्या भुकटीत आठ टक्क्यांहून जास्त ओलावा नसावा आणि एका ग्रॅममध्ये निदान 20 लाख जिवंत बीजाणू असावेत. मग ती चाळून शंखजिऱ्यात मिसळायची आणि हवाबंद पाकिटात भरायची. हे काम करणाऱ्या मुली नाकातोंडाला घट्ट मास्क बांधून असतात. ही धूळ छातीला बरी नव्हे.

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा सासूबाईंना नवल वाटले नाही. "उडदाचे पापड," त्या म्हणाल्या. "ते का उन्हात टाकतात? सावलीत वाळवायचे, मग नुसता उन्हाचा हात लावायचा. घाई केली की तडकले." बरणीला ओला हात लावायचा नाही, दादरा सुटा ठेवायचा नाही, पावसाळी दिवशी डबा उघडायचा नाही, हे त्यांचे कायदे मी बावीस वर्षे ऐकते आहे. त्यातला एकही त्या कारखान्यात नव्याने शिकवावा लागला नसता. फरक एकच. पापड आपण तळणार असतो. इथे वाळवणाने पुन्हा उठून चालायला लागायचे असते.

ते उठते कसे, हे मला फार आवडले. बीजाणूच्या पोटात ट्रेहॅलोज नावाची एक साखर असते. पाणी निघून जाऊ लागले की पेशीचे पातळ पडदे चुरगळून एकमेकांना चिकटायची भीती असते. ही साखर पाण्याच्या जागी जाऊन उभी राहते आणि पडदे सावरून धरते. घरमालक परगावी गेल्यावर शेजाऱ्याने अंगणात दिवा लावावा, तसे. पाणी अतिवेगाने काढले तर ही तजवीज करायला सवड मिळत नाही. जागे करण्यातही घाई चालत नाही. अतिशय कोरड्या बीजाणूंवर एकदम गार पाणी ओतले तर त्यांचे आखडलेले पडदे फाटतात आणि आतला ऐवज बाहेर पडतो. म्हणून आधी थोडी दमट हवा दाखवावी, नाहीतर कोमट पाणी द्यावे. घरी पाव करणाऱ्या वाचक भगिनींना हे ठाऊक असेल. पुडीतले कोरडे यीस्ट हीसुद्धा वाळवून निजवलेली बुरशीच, आणि तिला आपण कोमट पाण्यातच उठवतो. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ द्यावा, मग पाणी, ही रीत कुणी बसवली कोण जाणे.

बुरशीला नोकरीवर ठेवण्याची कल्पना तशी जुनी. इल्या मेच्निकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ (पुढे 1908 साली नोबेल पारितोषिक मिळालेला, आणि दीर्घायुष्यासाठी आंबट दही खा म्हणणारा; सासूबाईंना तो एवढ्यावरच पसंत पडला) याने 1879 साली ओडेसा येथे गव्हावरच्या भुंगेऱ्यांना मारणारी एक हिरवी बुरशी अभ्यासली. पाच वर्षांनी, 1884 मध्ये, क्रासिल्श्चिक या त्याच्या मार्गाने जाणाऱ्या संशोधकाने स्मेला येथे तिच्या बीजाणूंचे उत्पादन काढले आणि ते बारीक वाळूत मिसळून बिटाच्या शेतात टाकले. तीच ही मेटारायझियम, जी आज आपल्याकडे उसातल्या हुमणीवर वापरतात. बुरशी काम करते हे तेव्हाच कळले होते. ती साठवून, लांबवर नेऊन, हव्या त्या दिवशी हवी तशी मिळेल याची शाश्वती मात्र नव्हती, आणि शेतकरी हा शाश्वतीचा भुकेला. पुढच्या शंभर वर्षांत रासायनिक औषधांनी बाजी मारली त्यात त्यांच्या जहालपणाइतकाच हाही भाग असावा, की रसायन डब्यात मरत नाही. 1989 साली टोळधाडीवर बुरशी वापरण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आफ्रिकेसाठी सुरू झाला, तेव्हा वाळवंटी उन्हाळ्यात बीजाणू टिकवण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला. तो सुटला तो वाळवणाने. बीजाणूंतला ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास आणला की ते उष्ण हवेतही वर्ष-वर्ष तग धरतात, असे दिसून आले. 2020 साली टोळधाड आपल्या विदर्भापर्यंत येऊन गेली, तेव्हा ही गोष्ट अगदीच परक्या देशातली म्हणता येणार नाही.

आणि आमच्या शेजारी तर या विद्येचे माहेरच आहे. घाट उतरल्यासारखे मावळातून पुण्याकडे निघालात की पिंपरी लागते. तिथे 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि पेनिसिलिन हीही बुरशीचीच देणगी. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 1951 पासून सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आणि आघारकर संशोधन संस्थेत देशातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह. अशा संग्रहांत जिवाला आधी गोठवतात, मग निर्वात पोकळीत त्याच्यातले पाणी अलगद उडवतात आणि काचेच्या नळीत बंद करतात. तशा स्थितीत तो कित्येक वर्षे निजतो. ही रीत उत्तम, पण शेताला किलोकिलोंनी भुकटी लागते. तिथे एवढा खर्च कोण करणार? हरभरा काही पेनिसिलिनच्या भावाने विकला जात नाही.

आता त्या मागच्या वर्षीच्या पाकिटाकडे येते. माझ्या विद्यार्थिनीने त्यातली उरलेली चिमूट जपून ठेवली होती. काचेच्या पट्टीवर खाद्याचा पातळ थर देऊन तिने ती पसरली, रात्रभर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी केली. बीजाणू जिवंत असेल तर त्याला बाजूने कोंब दिसतो. तिने मलाही ताज्या भुकटीची पट्टी दाखवली. इवल्याशा गोळ्यांना एकेक शेपूट फुटलेले. मोड आलेल्या मटकीसारखे. मग जुन्या पाकिटाची पट्टी ठेवली. नुसते गोळे. शंभर मोजले तेव्हा चौघा-पाचांना कोंब होते.

पाकिटावरची मुदत संपलेली नव्हती. ते वैशाखभर दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत पडले होते, असे नंतर समजले. तिथून घरी आले ते पत्र्याखालच्या माळ्यावर, खतांच्या गोणीशेजारी. "तारीख व्हती की पुडीवर!" असे वडील म्हणतात, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' ही ओळ त्या पाकिटावर आहे, पण ती अशा अक्षरांत की वाचायला त्या कारखान्यातला सूक्ष्मदर्शकच आणावा. शिवाय नाणे मावळातल्या घरात मे महिन्यात थंड आणि पावसाळ्यात कोरडी अशी जागा कोणती? देवघरसुद्धा नाही. मेलेली भुकटी आणि निजलेली भुकटी दिसायला सारखीच: तीच हिरवट, तोच वास, तेच वजन, तीच किंमत. युरियाचे पोते ओले झाले तर गोळा होऊन ते तसे सांगते तरी. इथे शेतकऱ्याला कळते ते हरभऱ्याने मान टाकल्यावर.

मी तिला विचारले, घरच्या घरी करण्यासारखी काही परीक्षा नाही का? शिजवलेल्या भातावर चिमूटभर टाकून पाहता येते, ती म्हणाली, चार-पाच दिवसांत हिरवा झाला तर जिवंत. मग आम्ही दोघीही हसलो. आमच्या लोणावळ्यात चिमूट न टाकताही भात चार दिवसांत हिरवा होतो! आणि दिसेल ती हिरवी बुरशी ट्रायकोडर्मा नसते. त्यात विखारी जातीही असतात, तेव्हा तो खेळ कुणी करू नये. मला वाटते, ही परीक्षा तालुक्याच्या गावी कुणीतरी शेतकऱ्याला फुकट करून द्यायला हवी. एक सूक्ष्मदर्शक, चार काचपट्ट्या आणि एक रात्र, एवढाच तिचा खर्च. बियाण्याची उगवण आपण गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून तपासतोच की.

यंदा मुलीने स्वतःच्या पगारातून ताजे पाकीट घेतले आहे. ती तळेगावात भाड्याच्या खोलीत राहते, तिथे फ्रिज नाही. गावी न्यावे तर वडील ते पुन्हा त्याच माळ्यावर ठेवतील. आणि ऑक्टोबरचे ऊन काही मेहून कमी नाही. भात कापून, झोडून झाला की ती पाकीट न्यायला येणार. फ्रिजमधून काढल्याबरोबर ते उघडायचे नाही, तासभर तसेच ठेवायचे, नाहीतर थंड भुकटीवर दव धरते आणि एवढे केलेले वाळवण वाया जाते, हे तिने मला दोनदा बजावून सांगितले आहे. निबंधात कधी एवढी कळकळ दाखवली असतीस तर, असे माझ्या ओठांवर आले होते.

वडिलांनी चोळायचे कबूल केले आहे; पण अर्ध्याच बियाण्याला. उरलेले अर्धे ते तसेच पेरणार आहेत. मुलीला आधी याचा राग आला, मग ती म्हणाली, बरेच झाले, नाहीतरी आम्ही प्रयोगात तेच करतो.

आमच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात चक्का आहे, खाली चिवड्यासाठी आणलेला कढीपत्ता आहे, आणि मधे ते पाकीट. सुरुवातीचे दोन दिवस सासूबाईंनी त्या कप्प्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाहते तो पाकीट एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गेलेले. झाकणावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्यांच्या मोठ्या, तिरप्या अक्षरांत लिहिले होते: 'हरभऱ्याचे. खाऊ नये. ओला हात लावू नये.'